दाव्यासकट गाडी विकत नाहीत

गाडीला स्टिअरिंग नव्हतं.

ताडपत्री नितीनने ओढली. विंझरला त्याच्या अंगणात आम्ही चौघं उभे होतो. गाडीचा मालक नितीन, ती घ्यायला पुण्याहून आलेले दातांचे डॉक्टर, गाडी वर चढवून न्यायला आलेल्या टेम्पोचा ड्रायव्हर आणि हा सौदा जुळवणारी मी. समोर लाल, दोन सीटची, टप मागे पडणारी, विलायतेत बनलेली जुनी स्पोर्ट्स कार. टायर होते, आरसे होते, दिवे होते. ड्रायव्हरच्या सीटसमोर मात्र नुसता एक लोखंडी दांडा वर आलेला.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. स्टिअरिंग तरीही नव्हतं.

मी नसरापूरला जुन्या गाड्यांचे व्यवहार जुळवून देते. पण लोक मला गाड्यांमुळे कमी आणि पत्रकांमुळे जास्त ओळखतात. कॉलेजात असताना आम्ही काही जणींनी ग्राहकांच्या फसवणुकीवर पत्रकं काढायला सुरुवात केली. ती सवय सुटली नाही, आणि का सुटावी? जुन्या गाड्यांच्या बाजारात चालते ती लूट बघून कुणीही पत्रक काढेल. किलोमीटर मागे फिरवतात. पुरात बुडालेली गाडी शाम्पूने धुऊन उभी करतात. आणि सौदा ठरला की ताबा द्यायच्या आधी चांगली बॅटरी काढून मेलेली बसवतात. या शेवटच्या प्रकारावर माझं एक अख्खं पत्रक आहे. त्यात जाड टायपात छापलंय: ‘विकलेली गाडी म्हणजे सगळी गाडी. सौद्यानंतर तिचा एक स्क्रूसुद्धा काढणारा माणूस चोर आहे.’

हे पत्रक डॉक्टरांना पहिल्या भेटीत मीच दिलं होतं. ते त्यांच्या खिशात होतं. त्यांनी ते काढलं, उलगडलं आणि माझ्यासमोर धरलं.

नितीनने ही गाडी विकायला काढली त्याचं कारण पाच महिन्यांचं होतं. मुलगी. त्याची बायको स्नेहल बाळंतपणाला आंबवड्याला माहेरी गेली होती. मायलेकींना आणायला नितीन याच गाडीतून गेला, टप उघडून, पुढे झेंडूची माळ बांधून. स्नेहलने दारातूनच विचारलं, तू बसलास, मी बसले, हिला कुठे बसवू? नितीनचं उत्तर तयार होतं. सीटांच्या मागे सामान ठेवायची एक फळी आहे. तिचं माप घेऊन त्याने गादी शिवून आणली होती.

हे त्याने मला नसरापूरला, माझ्या टेबलासमोर बसून, अभिमानाने सांगितलं. त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मूल मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसण्याविरुद्ध मी दोन पत्रकं काढली आहेत. फळीवर ठेवण्याविरुद्ध काढलं नव्हतं, कारण असं कुणाला सुचेल हेच मला सुचलं नव्हतं. स्नेहल माझ्यापेक्षा शांत. तिने गादी ठेवून घेतली आणि नवरा परत पाठवला. हिच्यासाठी सीट असलेली गाडी घेऊन ये, मग येते, एवढाच निरोप. दोन गाड्या सांभाळणारं ते घर नव्हतं. म्हणजे लाल जायला हवी, तेव्हाच चार दारांची येणार, आणि तेव्हाच पोरगी.

नितीनला हे कळत होतं. फक्त वळत नव्हतं. तो कंपनीत टूलरूमला आहे. ही गाडी त्याने पुण्यातल्या एका बंगल्याच्या मागून भंगार म्हणून उचलली, तेव्हा सीटखाली मांजर व्यालेलं होतं. सुट्टीच्या दिवशी एकेक भाग घासून, जोडून त्याने ती चालती केली. त्यामुळे गिऱ्हाईक आलं की गाडी दाखवायची सोडून तो गिऱ्हाइकाचीच तोंडी परीक्षा घ्यायचा. एकाला ती लग्नाच्या फोटोंसाठी भाड्याने द्यायची होती. नापास. एकाला रंग पिवळा करायचा होता. त्याला चहासुद्धा मिळाला नाही. तिसऱ्या तरुणात मला काही खोट दिसेना, तर म्हणे त्याचं डोकं टपाला घासेल.

‘नितीन, गाडी विकायचीय का नाही?’

‘विकायचीय की, मॅडम.’

‘मग स्नेहलला कळवू का, तू माणसांची उंची मोजत बसलायस म्हणून?’

त्यानंतर तो जरा सुधारला. डॉक्टर पास झाले, कारण त्यांनी किमतीच्या आधी इंजिनाचा आवाज ऐकायला मागितला, आणि ऐकताना डोळे मिटले. जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये ‘मॅचिंग नंबर’ असा शब्द आहे. कारखान्यातून निघताना चासीवर आणि इंजिनावर ठोकलेले नंबर आजही जोडीचेच असले, म्हणजे इंजिन मध्ये कधी बदललेलं नसलं, तर ती मॅचिंग नंबर गाडी. नितीनची होती. वर तिचं लाकडी कडीचं स्टिअरिंगही मूळचंच. तसं आता मागून मिळत नाही. डॉक्टरांनी त्या लाकडावरून हात फिरवला आणि सौदा तिथेच झाला. हँडब्रेक धरत नाही, हे मी त्यांना लेखी दिलं होतं. माझ्याकडे लपवाछपवी चालत नाही.

मालकी बदलायच्या फॉर्मवर सह्या झाल्या. राहिली डिलिव्हरी नोट. गाडी अमुक वाजता अमक्याच्या ताब्यात गेली, त्यानंतर ती कुणाला धडकली तर जबाबदारी त्याची, असा हा साधा कागद. तो घेऊन मी विंझरला आले होते. नसरापूरला माझ्या शेडमध्ये एक पांढरी, चार दारांची, कुठूनही बघितली तरी सारखीच दिसणारी गाडी नितीनसाठी धुऊन ठेवली होती. संध्याकाळी ती घेऊन तो आंबवड्याला जाणार होता. स्नेहलने बॅग भरली होती.

आणि स्टिअरिंग नव्हतं.

‘कुठे ठेवलंस?’ मी नितीनला विचारलं.

‘म्या न्हाई काढलं.’

‘मग गळून पडलं?’

‘पोरीची शप्पथ, मॅडम.’

‘पोरीला यात ओढू नकोस. तिला आधीच फळीवर टाकायला निघाला होतास.’

डॉक्टर आवाज न चढवता म्हणाले, की मूळ स्टिअरिंगशिवाय त्यांना ही गाडी नको, आणि दुसरं बसवून तर मुळीच नको. ड्रायव्हरला त्यांनी टेम्पो वळवायला सांगितलं. ड्रायव्हर खुशीत वळवायला निघाला, त्याला रिकामं जाणं परवडत असावं.

तेवढ्यात गोठ्यातून नितीनचे वडील, तात्या, हात पुसत आले. ‘दावं हुडकताय व्हय?’ ते म्हणाले. ‘म्या काढून ठिवलंय.’

त्या बाजूला जनावर विकतात तेव्हा त्याचं दावं देत नाहीत. दावं म्हणजे त्याला गोठ्यात बांधायची दोरी. घेणाऱ्याने स्वतःचं नवं दावं आणायचं, जनावराच्या गळ्यात घालायचं. जुनं सोडून घरधनी ते परत गोठ्यात टांगणार. दाव्यासकट जनावर गेलं की त्याच्यामागे घरची बरकतही चालायला लागते, अशी समजूत. तात्यांनी जन्मात एकही दावं दिलेलं नव्हतं. सकाळी नितीन टेम्पोला रस्ता दाखवायला मुख्य रस्त्यावर गेला, तेवढ्यात त्यांनी ट्रॅक्टरचं काढतात तसा मधला नट सोडवून स्टिअरिंग काढलं, घोंगडीत गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवलं. स्टिअरिंगच का, असं मी विचारलं. तर जे धरल्याबिगर गाडी आपली ऱ्हात न्हाई तेच दावं, म्हणाले. यात खोट काढता येईना, म्हणून मला जास्तच राग आला.

मी डॉक्टरांच्या हातातलं पत्रक घेतलं आणि जाड टायपातलं वाक्य वाचून दाखवलं.

‘तात्या, याला चोरी म्हणतात. छापलंय इथे.’

‘कुणी छापलंय?’

‘मी.’

‘मंग तूच खोड की. तुझंच हाय.’

तोवर त्यांनी डॉक्टरांना बाजेवर बसवून चहाही सांगितला होता. भांडायचं त्यांच्या मनात नव्हतंच. मी कायदा सांगत होते आणि ते मान हलवत ऐकत होते, पोर आजारी असली की आपण तिचं ऐकतो तसे. शेवटी म्हणाले, ‘पोरी, नात पयल्यांदा घरात यायची हाय. आन् त्याच दिशी म्या बरकत हाकलून दिऊ? न्हाई जमायचं मला.’

यावर कुठलं पत्रक काढणार? नातीसाठी गाडी जायला हवी होती, आणि नातीसाठीच ती जाऊ देत नव्हते.

मग मी तडजोड काढायला बसले. म्हटलं, किल्ली ठेवा, डॉक्टर दुसरी करून घेतील. तात्या म्हणाले, किल्लीनं गाय बांधत्यात व्हय? हॉर्नचं बटण ठेवा म्हटलं, तर डॉक्टर उठून उभे राहिले, कारण तेही मूळचं. नितीन एका बाजूला उभा होता आणि त्याचा चेहरा उजळत चालला होता. वडिलांचा शब्द मोडवत नाही म्हणून गाडी अंगणातच राहणार असेल, तर त्याची आज्ञाधारक मुलगा व्हायला काहीच हरकत नव्हती. ते बघितलं आणि मी सरळ स्नेहलला फोन लावला, स्पीकरवर.

तिने सगळं ऐकून घेतलं. मागे पोरगी काहीतरी बडबडत होती. तात्या फोनजवळ सरकले, नातीचा आवाज ऐकायला. तेव्हा स्नेहलने विचारलं, ‘तात्या, रोज सांजच्याला तुमी गाडी कशाला बांधत होता?’

मी नितीनकडे बघितलं. ही हकिगत मला कुणी सांगितलेलीच नव्हती, ती आता त्याने सांगितली. अंगण शेताकडे उतरतं. हँडब्रेक धरत नाही. एकदा ही विलायती गाडी आपल्या पायांनी उकिरड्यापर्यंत गेली होती. तेव्हापासून तात्या रोज संध्याकाळी जनावरांबरोबर तिलाही मागून गोठ्याच्या कडेच्या खुंट्याला बांधत.

‘खुट्याला,’ तात्या हळूच म्हणाले.

‘कशानं?’

‘दाव्यानं.’

‘मंग दावं कंचं, तात्या?’

आम्ही सगळ्यांनी खुंट्याकडे बघितलं. काथ्याची जाडजूड दोरी, एक टोक अजून खुंट्याला, दुसरं मोकळं. डॉक्टर कौतुकाने बघत होते. हरकत घेण्यासारखं त्यांना पहिल्यांदाच काही सापडलं नसावं.

पण तात्या सहजासहजी हरणारे नाहीत. म्हणाले, दावं म्हंजी ते खरं, पर स्टेरिंग हा कासरा झाला, आणि बैल विकताना कासरा बी कुणी देत न्हाई. कासरा म्हणजे बैलाचा लगाम. मला वाटलं, झालं, आता हे पुढे लांबणार.

स्नेहलचा आवाज तसाच राहिला. ‘मग ऱ्हाऊ द्या कासरा. गाडीबी ऱ्हाऊ द्या. आमी दोघी हितंच हाय. नातीला बघायला येत जावा तुमी एस्टीनं. नसरापूरला बदलायची, भोरला बदलायची.’

तात्या उठले आणि शिडी लावून माळ्यावर गेले.

घोंगडी सोडून त्यांनी स्टिअरिंग नितीनच्या हातात दिलं. नितीनने ते बसवलं, चाकं सरळ आहेत का बघितलं, नट आवळला. मग नसलेली धूळ बाहीने पुसली. मग तसाच सीटवर बसून राहिला, दोन्ही हात लाकडावर. मी डिलिव्हरी नोट काढली होती, वेळ टाकायची बाकी होती. पेन उघडलं आणि परत बंद केलं. डॉक्टर आपला चहा मुद्दाम सावकाश प्यायले.

तात्यांची एक अट उरली होती. नवं दावं घेणाऱ्याने आणायचं, आणि स्वतः. डॉक्टरांनी मला विचारलं, हे सौद्यात आहे का? आता आहे, म्हटलं. ते विंझरच्या दुकानापर्यंत चालत गेले आणि हिरव्या नायलॉनची दोरी घेऊन आले. तात्यांनी ती ओढून बघितली, नापसंतीचा आवाज काढला, तरी पुढच्या बंपरला गाठ मारली. बॉनेटला हळद-कुंकू लावलं. डॉक्टर नुसते पॉलिशकडे बघत होते. मग तात्यांनी दोरीचं मोकळं टोक त्यांच्या हातात दिलं. पुण्यातले दातांचे डॉक्टर, हातात हिरवी दोरी, दोरीला लाल गाडी. काथ्याचं जुनं दावं तात्यांनी खुंट्याचं सोडलं आणि गोठ्यात नेऊन टांगलं. मग कुठे मी वेळ टाकली आणि सह्या घेतल्या.

लाल गाडी घेऊन टेम्पो वळणाआड गेल्यावर नितीन म्हणाला की पांढऱ्या गाडीला चाकं तरी आहेत ना. मी म्हटलं, चार आहेत, आणि मागे सीटपण आहे, पट्ट्यासकट.

संध्याकाळी मीही बरोबर गेले. आंबवड्याला बाळाची सीट स्नेहलने स्वतः ओढून बघितली, दोन्ही बाजूंनी. नवऱ्याच्या शब्दावर तिने भरवसा ठेवला नाही, हे मला फार आवडलं. ती मागे पोरीजवळ बसली. विंझरला तात्यांनी तिघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि नातीला पट्ट्यातून सोडवायला वाकले. बकल त्यांना उघडेना. ‘हे कसलं दावं,’ म्हणाले, आणि सुनेने ते उघडेपर्यंत तसेच वाकून उभे राहिले.

आरसी बुकावर गाडीचा मालक एकच असतो. घरी जाऊन बघितलं तर जास्त निघतात, आणि सह्या नसलेलेच गाडी अडवतात. म्हणून आता गाडी विक्रीला घ्यायची तर मी आधी मालकाच्या अंगणात जाते, सगळ्यांना विचारते, मग आरटीओत.