बाबांना विचारून केलेली बिअर

लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि माझं लिहिणं उत्तरपत्रिकांपुरतंच. त्यात विषय बिअरचा, तीही घरी केलेली. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

दोन हजार पाच-सहाच्या हिवाळ्यात मी ग्लासगोत शिकत होतो. माझा फ्लॅटमेट तिथलाच, केमिस्ट्रीचा. डब्यातल्या तयार अर्कापासून बिअर करणं त्याला कमीपणाचं वाटे.

"धान्यापासून करायची," तो म्हणाला. "पण माझ्याकडे थर्मामीटर सोडून काही नाही."

"माझ्याकडे भाताचं मोठं पातेलं आहे."

"मग झालीच की ब्रुअरी."

मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. ते भरडून पासष्ट-सहासष्ट अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचे होते. आई थंडीत विरजण गुंडाळते तसं मी ते पातेलं गोधडीत गुंडाळलं. तासाने एकच अंश उतरला होता. मग उशीच्या अभ्र्यातून गाळलं, कडवटपणासाठी हॉप्सची वाळकी फुलं घालून उकळलं, बाथटबमध्ये गार पाण्यात ठेवून निववलं आणि झाकणाच्या बादलीत ओतून यीस्ट टाकलं.

तीन दिवस बादलीत काहीच हाललं नाही. मित्र पुस्तकं चाळत बसला. मला मात्र माहीत होतं, हे कोणाला विचारायचं.

बाबा साखर कारखान्यात होते. नोकरी सांभाळून कित्येक वर्षं त्यांनी गुळाची हातभट्टी लावली, आणि विकली त्याहून जास्त स्वतः प्यायली. मी ग्लासगोला जायच्या आदल्या वर्षी बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी दारू सोडली. तेव्हापासून घरात तो विषय निघत नसे. आई गुळाची ढेप कुलपात ठेवायची.

हे सगळं माहीत असून रविवारी मी फोनवर त्यांना विचारलं. मी शिकायला लागल्यापासून माझ्या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर त्यांच्यापाशी नसायचं. याचं होतं.

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग, "खोली गार हाय का?"

"हो."

"मग ते गारठलंय. मेलं न्हाई. गुंडाळ, आन् हीटरजवळ ठीव. सकाळी कान लाव."

मागून आईचा आवाज आला, "कशाला कान लावायचा?"

"त्याच्या कॉलेजचं हाय. तुला न्हाई कळायचं."

सकाळी मी झाकणाला कान लावला. आत कोणीतरी दबक्या आवाजात बोलत असल्यासारखं वाटलं. मित्राने पाठीवर थाप मारली.

"तुझे वडील प्रोफेसर आहेत का रे?"

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही.

पुढच्या रविवारी बाबांनी माझी तब्येत न विचारताच विचारलं, "वास कसा येतोय?" त्याच्या पुढच्या रविवारी, "फेस बसला का?" त्यांच्या आवाजात तरतरी होती. लहानपणी ती आली की मी आणि बहीण लवकर जेवून घ्यायचो. तरी मी सांगत गेलो. "चाखलीस का?" असं एकदा त्यांनी विचारलं, आणि मी उत्तर देईपर्यंत मला त्यांचा श्वास ऐकू येत राहिला.

त्यानंतर आई फोनवर येईनाशी झाली. "शेजारी गेलीया," बाबा म्हणत. शब्द जड, सावकाश. कॉलिंग कार्डावरच्या स्वस्त फोनची लाइन खराब असेल, असं मी स्वतःला समजावलं. बाटल्या भरून ठेवल्या, महिन्याने उघडल्या. बिअर गढूळ होती, किंचित आंबूस. मित्राला फार आवडली. मी दोन घोट घेतले आणि उरलेला ग्लास सिंकमध्ये ओतला.

बहिणीचा फोन आला तो माझी परीक्षा संपली त्या दुपारी. तिने आधी पेपर कसे गेले ते विचारलं. मी सांगितलं. मग ती म्हणाली, "परीक्षा होईपर्यंत तुला सांगायचं नाही, असं आई म्हणाली होती. बाबा मागच्या शेडमध्ये भट्टी लावतात. तुझ्या बादलीबद्दल विचारायला फोन आला ना, त्याच आठवड्यापासून. परवा आईच्या अंगावर धावून गेले. ती माझ्याकडे आलीय. परत जाणार नाही म्हणते."