दाजींचा खालचा दोरा

सृष्टी निर्माण करायचं काम ब्रह्मदेवाऐवजी आमच्या दाजींकडे असतं, तर जगात अजून पहिला पोपटसुद्धा उडाला नसता, अशी माझी पक्की खात्री आहे. चोच तयार, पंख तयार, आणि दाजी हिरव्या दोऱ्याची रिळं हातात घेऊन उन्हात उभे, "ह्यो जरा कच्चा वाटतोय, दुसरा दाखवा" म्हणत! दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. तिसगावला राहायचे. घरची शेती भाऊ बघत आणि दाजींनी मोठ्या दुष्काळाच्या थोडं आधी नगरहून भरतकामाचं मशीन आणलं होतं. घरगुती शिलाईचं नव्हे, धंद्याचं. खालून पायाने चालवायचं आणि गुडघ्याने एक दांडी रेटली की टाका रुंद होत जायचा. खण, टोप्या, शाळांचे बिल्ले, देवळातले पडदे, काय वाटेल ते त्यावर भरून निघायचं. म्हणजे निघालं असतं. पण दाजींचा निम्मा दिवस दोरा निवडण्यातच जायचा.

दोरा डोळ्यांनी निवडायचा असतो हा तुमचाआमचा गैरसमज. दाजी तो आधी कानापाशी धरून तोडत आणि आवाज ऐकत. मग जिभेवर ठेवत. "खारट लागला की रंग सुटनार, लिहून घ्या पाव्हणं," असं ते मला सांगत. (मेहुण्याला ते पाव्हणं म्हणत, आणि पाव्हण्याने सगळं लिहून घ्यावं अशी त्यांची अपेक्षा असे.) जिभेच्या कसोटीला उतरलेला दोरा मग मनगटावर गुंडाळला जाई. घामाने रंग जातो का ते बघायला तो आठवडाभर तिथेच. एकेका वेळी कोपरापर्यंत लाल, पिवळे, निळे दोरे. पाथर्डीच्या गाडीत एकदा कंडक्टरने तिकीट फाडता फाडता हात जोडले आणि विचारलं, "कुठल्या देवाचं गंडं म्हनायचं हे?" दाजी म्हणाले, "देवाचं न्हाईत, गिऱ्हाइकाचं हायती." आणि इतकं करून त्यांचा अंदाज दर वेळी बरोबर यायचा म्हणता की काय? छे! खारट लागलेला एक जांभळा दोरा पुढे कितीतरी वर्षं टिकला आणि चाखून पसंत केलेल्या लालने मारुतीच्या देवळातला पडदा पहिल्याच धुण्यात गुलाबी करून टाकला. मारुतीला गुलाबी पडदा! पुजाऱ्याने महिनाभर दाजींना तीर्थ दिलं नाही.

बॉबिनचं तर विचारूच नका. मशीनच्या पोटात बसून खालचा दोरा पुरवणारी ती एवढीशी लोखंडी रिळी. पण दाजी तिची सोयरीक जमवत असल्यासारखी पारख करायचे. आक्काची पितळी परात पालथी घालून तिच्यावरून एकेक बॉबिन सोडत. सरळ घरंगळत गेली ती घराण्याची. वाकडी गेली ती बाद, आणि गल्लीतल्या पोरांच्या आगपेटीच्या गाडीला चाक मिळालं! पास झालेल्या बॉबिनींसाठी त्यांनी आक्काचा पानाचा डबा बळकावला होता. सुपारीच्या खणात पांढऱ्या, लवंगेच्या खणात काळ्या. त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, बघायला आलेल्या पाहुण्यांपैकी एका म्हाताऱ्याने बोलता बोलता डब्यात हात घातला आणि सुपारी समजून बॉबिन दाढेखाली धरली. म्हातारा दाढ चाचपत होता आणि दाजी बॉबिनला पोचा आला का ते बघत होते. तरी ते लग्न जमलं, ही आक्काची पुण्याई.

पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. जगभर भरतकाम करणारे लोक वर रंगीत दोरा लावतात आणि खाली बॉबिनमध्ये सरसकट पांढरा. उलटी बाजू कोण बघतो? दाजी बघत. वर जो रंग, तोच खाली. वरचा बदलला की मशीन थांबवायचं, खालची बॉबिन काढायची, नवी भरायची. एका मोराला इतर लोकांना जेवढा वेळ लागे तेवढ्यात दाजींचा तुरा होई. मिरजगावचा एक बँडवाला आपल्या वाजंत्र्यांचे कोट न्यायला आला तेव्हा दाजींनी अभिमानाने सगळे कोट उलटे करून दाखवले. तो बिचारा म्हणाला, "अवं, वरातीत काय कोट उलटा घालून वाजवायचं का आमी?" दाजी शांतपणे म्हणाले, "वरनं बघनारी लई असत्यात. आतनं बघनारा एकच, पर त्यो रोज बघतो."

या सगळ्यात एक गोष्ट मला बोचायची. आक्काकडे दाजींच्या मशीनची एकही चोळी नव्हती. गावातल्या सुनालेकी तिच्या ओसरीवरून मोर-पोपट मिरवत जात आणि ही साध्या खणात. आक्का सावळी. लग्नात दाजींच्या आत्यांनी "पोरीला कुठलाच रंग खुलायचा न्हाई" असं तिच्या तोंडावर म्हटलेलं. दाजींनी ते मनावर घेतलं होतं, पण आपल्या पद्धतीने. म्हणजे इतक्या वर्षांत आक्काला शोभेल असा रंगच त्यांना सापडला नव्हता. भाचीचं लग्न फाल्गुनात ठरलं तेव्हा आक्काने पहिल्यांदा आवाज चढवला. "अवं, पोरीच्या लग्नात मी तुमच्या मशीनचीच चोळी घालनार. न्हाई झाली, तर त्या मशीनचं नाव पुन्यांदा माझ्यासमूर काढू नका." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले आणि ती उठून चुलीकडे गेली. दाजींचं तोंड एवढंसं झालं.

माघात ते नगरला माझ्याकडे आले. सदऱ्याच्या खिशात रुमाल आणि रुमालात करडईचं फूल. "आसा रंग पायजे. सकाळचा पिवळा न्हवं, उतरत्या दुपारचा, जरा तांबूस झाल्याला." फूल एस.टी.त पार कोमेजून गेलं होतं, पण दाजींच्या डोळ्यांपुढे ते ताजं होतं. आम्ही कापडबाजारात गेलो. दाजींना ओळखणाऱ्या दुकानदाराने त्यांना बघताच नोकराला शिडी आत न्यायला सांगितलं. दाजींनी ती बाहेर आणवली. दुपार होईतो फळीवर एकही रीळ जागेवर राहिलं नाही. मग ते म्हणाले, "पाव्हणं, बाही वर करा. भैन-भावाची कातडी एकच." आणि भर बाजारात माझ्या दंडावर एकेक दोरा ठेवून ते डोळे बारीक करू लागले. बघता बघता गर्दी जमली. लोकांना वाटलं मला विंचू चावलाय. एका बाईंनी तर चुना लावायला सांगितला.

आणि एका जुन्या खोक्याच्या तळातून ते रीळ निघालं. दोरा दंडावर ठेवताच दाजींचे बारीक केलेले डोळे मोठे झाले. मलाही कळलं. माझा काळा दंड त्या दोऱ्याशेजारी उजळल्यासारखा दिसत होता. "ह्योच," दाजी हळूच म्हणाले. पण रीळ एकच होतं. दुकानदार म्हणाला, "पुढचा माल येईल, पण रंग थोडा इकडेतिकडे व्हायचाच." त्याने जवळचा म्हणून दुसरा दोरा दिला, तो मातकट. दाजींनी दोन्ही घेतले आणि गाडी येईपर्यंत ते दोन्ही रिळं दोन तळहातांवर तोलत राहिले. वरच्या टाक्याला दोरा भरपूर लागतो. ते एक रीळ अर्ध्या बाहीतच संपलं असतं.

लग्नाच्या आठवडाभर आधी मी तिसगावला गेलो त्याच दिवशी दाजींनी भरलेला खण आक्कासमोर ठेवला. गर्द हिरव्या कापडावर वेलबुट्टी, काम देखणं, पण रंग तो मातकट. आक्का बघतच राहिली. मला दाजींचा राग आला. तेवढ्यात ते म्हणाले, "उलटं कर."

आक्काने खण उलटा केला. करडई फुललेली होती.

"वर पुरत न्हवता," दाजी जमिनीकडे बघत म्हणाले, "खाली दोरा कमी लागतो. पुरला बरुबर."

"आवो, पन लोकांनी काय बघायचं?"

"लोकं जेवाया येनार हायती. चोळी तू घालनार."

मी मध्येच तोंड घातलं. म्हटलं, खण अजून शिवायचाच आहे, शिंप्याला सांगून हीच बाजू बाहेर घेऊ. मी स्वतःवर फार खूश झालो. आक्का खणावरून तळहात फिरवत बसली होती. "बघते," एवढंच ती म्हणाली.

लग्नात आक्का मांडवात आली तेव्हा मी आधी तिची बाही बघितली. मातकट बाजू बाहेर होती. पाथर्डीकडच्या व्याह्यांच्या बायकांत कुजबूज झालीच. एकजण म्हणाली, "नवरा एवढा कलाकार, आन् बायकूला ह्यो रंग?" दाजी पंगतीत जिलेबी वाढत होते. त्यांनी ऐकलं आणि ते जागच्या जागी थांबले. आक्का त्यांच्याकडे बघून हसली, आणि त्या बाईला म्हणाली, "मला खुलतोय की." त्या दिवशी माझी बहीण जशी दिसली तशी ती मला पुन्हा कधी दिसली नाही.

दाजी गेले. मशीनही गेलं. आक्काला ती चोळी आता होत नाही, तरी दर दिवाळीआधी ती धुऊन वाळत घालते. भरलेले कपडे उन्हाने विटू नयेत म्हणून बायका उलटे वाळत घालतात; आक्का ही चोळी सुलटीच घालते. वरचा रंग केव्हाच उडून गेलाय. आतला तसाच आहे, असं ती म्हणते. दोरीजवळून जाताना हात पुढे होतो, पण मी ती कधी उलटून बघितलेली नाही.