चपला घालून चालायचं घोंगडं

"आबा, शटर ओढा!" गॅलरीचे साहेब आतून ओरडले. मी ओढलं न्हाय. दिवसाढवळ्या शटर ओढायला आम्ही काय चोरी केली होती?

बारामतीतल्या एका आर्ट गॅलरीत मी सिक्युरिटीला आहे. शाळा चौथीपर्यंतच, पण माझ्या ड्यूटीत कुणी चित्राला बोट लावलेलं न्हाय. त्या आठवड्यात स्नेहलचं इन्स्टॉलेशन होतं. म्हणजे भिंतीला टांगायचं चित्र नव्हं. वस्तू जागेवर मांडायची आणि बघणाऱ्यानं तिच्यात शिरायचं. पोरगी बावडा गावाकडची, माझ्यासारखीच मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिनं आजाचं काळं घोंगडं दाराच्या आत अंथरलं आणि बाहेर बोर्ड लावला: 'चपला घालून यावरून चाला.'

घोंगडं आमच्यात देवाच्या बैठकीला लागतं. पाहुणासुद्धा पायताण काढूनच त्यावर टेकतो. मी बोर्डाकडं पाठ करून उभा राहिलो आणि येईल त्याला चपला काढायला लावल्या.

स्नेहल चिडली. "आबा, मला त्याच्यावर पायांची घाण पायजे. मेंढरं विकली, घोंगडं माळ्यावर टाकलं. तुडवलंच की आपण. ते दिसू द्या ना."

"तुझ्या घरी दाखव. माझ्या ड्यूटीत न्हाय."

"तुमी सिक्युरिटी हाय का पुजारी?"

"दोन्ही."

पण बोर्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला आणि इंदापूरहून बापूराव जीपा भरून आले. बापूराव मोठे बागायतदार, आमच्या समाजात शब्दाला वजन. मागणी अशी, की घोंगडं आमच्या ताब्यात द्या आणि पोरीनं कॅमेऱ्यासमोर माफी मागावी.

मी शटर ओढलं न्हाय, तसे साहेब स्नेहलकडं वळले. "देऊन टाक स्नेहल, विषय मिटव."

"आजाची तेवढीच वस्तू राहिलीय. देणार न्हाय."

मलाही ते घोंगडं तिथं नको होतं. पण गॅलरीतली वस्तू माझ्या राखणीतली. मी दारात आडवा झालो.

बापूराव म्हणाले, "आबा, बाजूला व्हा. तुमी आपलंच माणूस."

"आपला हाय म्हणूनच सांगतो. आत जायचं तर आधी चपला..."

पुढचं कुणी ऐकलं न्हाय. मला ढकलून सगळे घुसले. मी भिंतीवर आदळलो. माणसं उसाच्या रानातनं तशीच उठून आलेली, चपलांना ओला चिखल. 'घोंगड्याचा अपमान सहन करणार नाही' म्हणून घोषणा सुरू झाल्या. एकानं स्नेहलच्या तोंडापुढं मोबाईल धरला. "माग माफी!" तिनं मान हलवून नकार दिला.

मी भिंत धरून उठलो. "बापूराव, उभं कशावर हाय तुमी?"

त्यांनी खाली बघितलं. एक पाऊल मागं घेतलं, तर तिथंही घोंगडंच. घोषणा एकेक करून गप झाल्या. मोबाईलवाल्यानं मोबाईल खिशात घातला.

"चपला काढा रं," बापूराव हळू म्हणाले. काळ्या लोकरीवर चिखलाचे पाय उठलेले. "पोरी, आमी धुऊन आणून देतो."

"हात लावू नका," स्नेहल म्हणाली. "मला हेच पायजे होतं."

माणसं चपला हातात घेऊन जीपकडं गेली.

बोर्ड पाळला न्हाय म्हणून साहेबांनी मला झापलं. ऐकून घेतलं, पटलं न्हाय. प्रदर्शन ठरल्या दिवसापर्यंत चाललं आणि घोंगडं चिखलासकट बावड्याला गेलं.

ह्या नोकरीत एवढं कळलं. रागानं आलेल्या माणसाला दारात काही सांगून उपयोग नसतो. त्याला आत येऊन उभं राहू द्यावं, मग विचारावं, उभा कशावर हाय.