लल्ला मन्नूबियाची आठ बटणं

कैरवान गावात बायकांच्या मेंदीला लारूसीला व्हायोलिन वाजवायला बोलावत, त्याचं पहिलं कारण तो आंधळा होता हे. तो चांगला वाजवतो हे दुसरं, आणि ते लोकांना बरंच उशिरा कळलं. बायका नटूनथटून, केस मोकळे सोडून नाचायच्या, तिथे डोळस पुरुषाला पाऊल टाकायची सोय नव्हती. खुपऱ्यांनी लहानपणीच डोळे गेलेल्या या पोराला त्याच्यासारख्याच एका आंधळ्या उस्तादाने व्हायोलिन मांडीवर उभं धरायला शिकवलं आणि जन्माची भाकरी मिळवून दिली.

पहिल्याच लग्नात एका म्हातारीला शंका आली. तिने त्याच्या डोळ्यांपुढे सुई नाचवून पाहिली. तेव्हा पलीकडून एक भरदार आवाज आला, "सोड गं त्याला मावशी. नवरीकडे पाठ करून मकरूद मिठाईच्या ताटाकडे नाक वळवून बसलाय तो. आंधळाच आहे." सगळ्या बायका हसल्या. लारूसीला राग यायला हवा होता, पण तो आवाज पुन्हा कधी ऐकू येतो याचीच तो वाट पाहत बसला.

ती मन्नूबिया. मेंदीची गाणी म्हणणारी, नवऱ्याने टाकलेली, आणि कुणाच्या बापाला न भिणारी. त्या रात्री घरी निघताना तिने त्याला दारापाशी गाठलं आणि म्हणाली, "लारूसी, उंबरा." त्याने पाय उचलला. पुढे त्यांचं लग्न झालं, मूलबाळ झालं नाही, तिला गाव मानाने लल्ला मन्नूबिया म्हणू लागलं, दोघांचे केस पिकले. पण कुठल्याही दाराशी ती हे दोन शब्द म्हणायची आणि तो पाय उचलायचा. काठी त्याने कधी घेतलीच नाही. एवढी मोठी काठी घरात असताना दुसरी कशाला, असं तो म्हणे, आणि वर तिच्याकडून शिव्या खाई.

मग तिचा घसा बसला. आधी थंडी झाली म्हणून, मग लग्नसराई फार झाली म्हणून. शेवटी सूसच्या इस्पितळातल्या डॉक्टरने गळ्यातली गाठ दाखवून सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, पूर्ण. श्वासासाठी मानेला भोक राहील. जीव वाचेल, आवाज जाईल. जखम भरून आली की गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, पण त्याला बरेच महिने लागतील, आणि त्यातून येणारा आवाज डब्यात खडे वाजवल्यासारखा असतो.

लारूसी इस्पितळातून बाहेर पडला तो एकच ध्यास घेऊन. मन्नूबियाचं गाणं कुठेच नव्हतं. बायकांच्या मेंदीत नवरीची आई दाराशी टोपली घेऊन बसायची आणि सगळ्यांचे फोन आधी काढून घ्यायची. आत काय गायलं गेलं ते आतच राहायचं. इतक्या वर्षांचं गाणं लोकांच्या घरांच्या भिंतींनी ऐकलं आणि गिळलं. ऑपरेशनच्या आधी ते धरून ठेवायचं, असं त्याने ठरवलं.

फोनवर भरोसा नव्हता. ती नुसती काच, बोटाला तिथे काही सापडत नाही. कॉम्प्युटरची तर गोष्टच सोडा. कुणीतरी सांगितलं की गाण्यासाठीच बनवलेलं वेगळं यंत्र मिळतं. त्यात गाणं एका ट्रॅकवर, व्हायोलिन दुसऱ्यावर, दरबुक्याचा ढोल तिसऱ्यावर, असं वेगवेगळं साठवता येतं आणि मग हवं ते मोठं, नको ते लहान करता येतं. म्हणजे एक दिवस व्हायोलिन, दरबुका सगळं मिटवून नुसती मन्नूबिया ऐकता येईल. लारूसीला एवढंच हवं होतं.

सूसला वाद्यांचं दुकान चालवणाऱ्या मुनसिफने, सगळे त्याला मानाने सी मुनसिफ म्हणत, त्या दोघांपुढे तीन यंत्रं मांडली. पहिल्याला वरून सगळी काच. लारूसीने त्यावर तळवा फिरवला आणि बाजूला सारलं. दुसरं लहान, हलकं, आवाज कमीजास्त करायच्या आठ सरकत्या खुंट्यांचं. त्याचा माइक मन्नूबियासमोर धरून सी मुनसिफने तिला दोन शब्द बोलायला लावले आणि लारूसीच्या कानांना हेडफोन लावला. लारूसीने हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला. शब्द सुरू व्हायच्या आधी ती जो बारीक श्वास घेते, तोसुद्धा आत आला होता. तिसरं मोठं, जड. खुंट्या त्यालाही होत्या आणि त्यांच्याखाली रबराची आठ चौकोनी बटणं. पण त्यात मागे एक बारीक सूं ऐकू येत होतं.

"हे दुसरं घ्या, सी लारूसी," दुकानदार म्हणाला. "तिसऱ्यातली बटणं ढोल वाजवायला. तुमच्याकडे खरा दरबुका असताना ही रबरं कशाला?"

"हेच म्हणतो मी," लारूसी म्हणाला. "बांधून द्या."

"थांब जरा," मन्नूबिया घोगऱ्या आवाजात म्हणाली. "त्या बटणांत ढोलच वाजतो का फक्त?"

"नाही लल्ला, जे भराल ते वाजतं. कुत्र्याचं भुंकणं भरा, भुंकेल."

"कुत्रा राहू दे. मी बोलते ते भर."

सी मुनसिफने माइक जोडला. ती काहीतरी पुटपुटली. मग तिने एक बटण दाबलं आणि यंत्रातून तिचा आवाज आला, "लारूसी, उंबरा."

लारूसीने पाय उचलला. दुकानाच्या मधोमध, सपाट फरशीवर. सी मुनसिफ हसला आणि मग आपण एकटेच हसतोय हे त्याच्या ध्यानात आलं.

"हे घ्यायचं," मन्नूबिया म्हणाली.

"अगं, याच्यात सूं ऐकू येतं. तुझं गाणं खराब येईल. गाण्यासाठी आलोय ना आपण?"

"गाण्यासाठी तू आलास. मी मरणार नाहीये लारूसी, मुकी होणार आहे. पुढच्या महिन्यात तू अंगणात चालत असशील आणि मी तुला कशी थांबवू? हातवारे करू? तुला दिसतात? चिठ्ठी लिहू? मला लिहिता येतं?"

त्याला हे सुचलंच नव्हतं. गाणं जाणार या दुःखात तो इतका बुडाला होता की बोलणंही जाणार हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की तो चिडायचा, तसा चिडला. "मग घे तुझं भुंकणारं कुत्रं," तो म्हणाला. दुकानदाराने बटण कसं भरायचं, कसं पुसायचं हे त्याची बोटं धरधरून शिकवलं. पुसलं की ते गेलं, परत येत नाही, हेही सांगितलं.

घरी बसून दोघांनी बटणं भरली. जन्मभराच्या बोलण्यातून आठ गोष्टी निवडायच्या म्हणजे गंमत नाही. पहिलं उंबऱ्याचं. मग "थांब, पुढे जाऊ नकोस." मग "चहा गरम आहे, जपून." मग "जेवायला चल," "गोळी घे," "दाराशी कुणीतरी आलंय." सातवं, "मी जाऊन येते, इथेच बस." ती प्रत्येक वाक्य सांगायची, थोडा विचार करायची, खोकायची आणि मग म्हणायची.

"आठवं तू सांग," ती म्हणाली.

"गाणं," तो म्हणाला. त्याला विचार करावा लागलाच नाही.

नवरीच्या तळहातावर मेंदी लावतानाचं एक गाणं होतं. त्याचं एक कडवं ती त्या फाटलेल्या गळ्याने म्हणाली. वरच्या स्वराला आवाज चिरला, पण ती थांबली नाही. पुन्हा म्हणायला तो सांगणार होता, तोच तिने माइक बाजूला ठेवला आणि भाजी चिरायला घेतली. बाकीची गाणी ट्रॅकवर घ्यायची म्हटली, पण त्यानंतर तिच्या गळ्यातून सूर निघालाच नाही; तेवढंच राहिलं.

ऑपरेशन झालं. ती परत आली तेव्हा घर आधी कधी नव्हतं इतकं गप्प होतं. पण यंत्र चाललं. अंगणातल्या बसक्या मेजावर ते ठेवलं होतं आणि त्याची बटणं मन्नूबिया इतक्या झटपट शिकली की शेजारची शाजलिया म्हणाली, "आधी लल्ला सगळ्या तोंडाने नवऱ्याला दामटायची, आता एका बोटाने दामटते." खरंच होतं ते. लारूसी लांबण लावायला लागला की वाक्याच्या मध्येच मेजावरून आवाज यायचा, "थांब, पुढे जाऊ नकोस." तो हसायचा. ती हसत असेल असं त्याला वाटायचं, पण ते कळायला आता मार्ग नव्हता. ती झोपली किंवा शाजलियाकडे गेली की तो आठवं बटण शोधून कडवं ऐकायचा. एकदाच, हळू आवाजात.

एके दिवशी दुपारी तो व्हायोलिनच्या तारा बदलत खोलीत बसला होता. अंगणातून आवाज आला, "चहा गरम आहे, जपून." तो उठून गेला, उभ्याउभ्या मेजाची अलीकडची कड चाचपली. चहा नव्हता. "कुठाय?" त्याने विचारलं. वाट न पाहता तो परत आत आला. थोड्या वेळाने, "जेवायला चल." आताच तर जेवले होते दोघं. मग, "दाराशी कुणीतरी आलंय." तो दारापर्यंत गेला, कडी काढली, गल्लीत कुणीच नव्हतं.

"अगं, काय खेळ मांडलायस?" तो वैतागून म्हणाला. "मी तारा लावतोय. एक तुटली तर नवी आणायला सूसला जावं लागतं."

यंत्र म्हणालं, "जेवायला चल." आणि लगेच पुन्हा, "जेवायला चल."

औषधांनी हिचं डोकं फिरलं की काय, असं त्याच्या मनात आलं. तो तणतणत मेजाशी गेला आणि बटणांवरचा तिचा हात बाजूला करायला गेला. हात बर्फासारखा होता. दुसऱ्या हाताने तिने सतरंजी मुठीत आवळून धरली होती. त्याने चेहरा चाचपला. तो घामाने निथळत होता, दात एकमेकांवर दाबलेले होते.

"दुखतंय?" त्याने विचारलं.

तिने त्याची बोटं आवळली.

"कालपण दुखत होतं?"

तिने पुन्हा आवळली. आणखी मागचं विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

त्याने शाजलियाला हाक मारून डॉक्टरकडे फोन करायला लावला, कपाटातली दुखण्याची गोळी कुटून पाण्यातून दिली. मग तो तिच्याजवळ बसला आणि एकेक बटण दाबत गेला. उंबरा त्याच्यासाठी. थांब त्याच्यासाठी. चहा, जेवण, गोळी, दार, सगळं त्याच्यासाठी. जाऊन येते, इथेच बस, तेही त्याने घाबरू नये म्हणून. जिचा गळा कापला जाणार होता तिने स्वतःसाठी एक शब्द भरला नव्हता. आठवं त्याला विचारलं होतं, तर त्यानेही स्वतःसाठीच मागितलं. लारूसी रडला. बायकोदेखत तो आयुष्यात प्रथमच रडला.

"एक पुसतो, तुझ्या दुखण्याला जागा करू," तो नाक पुसत म्हणाला. "चहाचं पुसतो. पोळलो तर पोळलो."

तिने त्याचं बोट चहाच्या बटणावरून उचललं.

"मग दाराचं."

तेही उचललं. त्याचं बोट धरून तिने ते शेवटच्या बटणावर नेऊन ठेवलं.

"ते नको," तो म्हणाला. "मन्नूबिया, ते नको. उद्या सी मुनसिफला बोलावतो, तो ते काढून दुसरीकडे ठेवून देईल. मग पुसू."

ती बोट सोडेना. दुखणं आज होतं, हे तिने त्याला तोंडाने सांगायची गरज नव्हती. त्याने विचारलं, "एकदा ऐकू?" तिने सोडलं. त्याने कडवं ऐकलं, वरच्या चिरलेल्या स्वरासकट, शेवटपर्यंत. मग दुकानात शिकवलं होतं तसं दोन बटणं एकदम धरून पुसून टाकलं.

तिचा आवाज तर आता मिळणार नव्हता. माइक तोंडाशी धरून तो स्वतःच बोलला. शब्द धड उमटले नाहीत, पण त्याने तसेच राहू दिले.

"लारूसी, मला दुखतंय. माझ्यापाशी ये."

तो तिच्या शेजारीच बसला होता, त्याचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागलेला होता. तरी तिने हात पुढे केला आणि ते बटण दाबलं. ऐकलं. मग पुन्हा दाबलं.

"आलो," लारूसी म्हणाला. "हा बघ, आलो."

तिने पुन्हा दाबलं.