भिंतीवरची बाळाबाई

आम्रपाली दुष्काळी माण तालुक्यातली पोरगी. माणची माणसं भरून आलेल्या ढगावरसुद्धा पटकन विश्वास ठेवत नाहीत, आणि ही तर सांगलीकडच्या दवाखान्यात मनोरुग्णांची सोशल वर्कर व्हायला शिकत होती. शेवटची केस मार्गी लागली की परवाना हातात पडणार होता. केस म्हणजे बाळाबाई. औषधांनी बाई ठणठणीत झाली होती, रोज पिशवी भरून तयार बसायची, पण घरचे फोनच उचलेनात. "पोराला सवड न्हाई मिळत आसंल," असं तीच आम्रपालीला समजवायची. घरच्यांनी नेलं नाही तर बाई तिथंच म्हातारी होणार, हे आम्रपालीला दिसत होतं.

म्हणून ती तासगावजवळच्या त्या गावात उतरली. पेशंटच्या दारात दवाखान्याचं नाव काढायचं नाही, शेजारपाजारचे कान तिखट असतात, ही शिकवण. तिनं ओळखपत्र पिशवीत टाकलं आणि बाळाबाईच्या पोराचं नाव घेऊन नुसतं विचारलं, "जयराज इथंच राहतात ना?"

इथंच माशी शिंकली. बाळाबाईची सासू धोंडुबाई तिला खालून वर न्याहाळून एकदम गोड झाली. सतरंजी आली, बेदाणे आले, पोहे आले. शेजारीण दाराशी येऊन बसली ती हलेना. आम्रपालीनं आडून आडून विचारलं, घरात कोण कोण? कुणाला काही आजार?

"आजार? आवं, आमच्यात कुणाला सर्दीबी न्हाई!"

अनोळखी पोरीशी इतकं गोड कोण बोलतं बाई? पाणी कुठंतरी मुरत होतं. तेवढ्यात आम्रपालीची भिंतीवर नजर गेली. फोटो, त्याला हार. सकाळी जिच्यासोबत चहा पिऊन ती निघाली होती, तीच बाळाबाई!

"ह्या कोण?"

"सून माजी. जयराजची आई. तापानं गेली बिचारी."

असा संताप आला की पोह्यांची बशी भिरकावून द्यावी. पण शेजारीण उठेस्तोवर ती दात आवळून बसली. मग ओळखपत्र काढून पुढं ठेवलं.

धोंडुबाईचा चेहरा उतरला. "म्हंजी तू पोरीकडची न्हाईस व्हय?"

जयराजची सोयरीक जमत आली होती. पोरीकडचे आधी गुपचूप चौकशीला माणूस धाडतात, तशीच ही आलीय असं म्हातारीनं धरलं होतं. "आई येडी म्हटल्यावर पोरगी कोण दील आमाला? सांग की!"

"आणि ती रोज पिशवी भरून बसती, तिला मी काय सांगू?"

जयराज केव्हाचा चौकटीला टेकून उभा होता. "पिशवीत काय भरती?"

"बिस्किटं. चहाबरोबर मिळतात ती. जयराजला आवडतात म्हणती."

जयराज स्टुलावर चढला आणि त्यानं हारासकट फोटो उतरवला.

"आरं, सोयरीक मोडंल!" म्हातारी ओरडली.

"मोडू दे."

गुरुवारी न्यायला येतो म्हणाला, पण आम्रपालीला काही खरं वाटलं नाही. दवाखान्याच्या फाटकातून तो आत आला तरी आईला नाकारायला मागं वकील-बिकील आणलाय का, हे तिनं वाकून बघितलं. तो एकटाच होता.

आम्रपाली दोघांसोबत घरापर्यंत गेली. बाळाबाई उंबऱ्यात थांबली. घरभर बघता बघता भिंतीवरच्या स्वच्छ चौकोनाशी अडली.

"हितं काय हुतं रं?"

धोंडुबाईनं तोंड फिरवलं.

"क्यालेंडर, आई. जुनं झालं हुतं."

बाळाबाईनं आम्रपालीकडं पाहिलं. "व्हय गं?"

पेशंटशी खोटं बोलायचं नाही, हीसुद्धा शिकवणच होती. आणि परवाना अजून यायचा होता.

"व्हय," आम्रपाली म्हणाली.