पांढऱ्या मक्यात पिवळे दाणे

मला धीर म्हणून नाही. पेरलेलं बी दुसऱ्या दिवशी उकरून बघणारी मी. आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये भाजीपाल्यासाठी भाड्याने घेतलेल्या वाफ्यात २०१८ साली मी मका लावला, तोही असाच उतावीळपणे. इथली कणसं इतकी गोड की भाजून तिखट-मीठ-लिंबू चोळलं तरी शिरा खाल्ल्यासारखं वाटायचं. म्हणून लाह्या फोडायच्या मक्याच्या पाकिटातले मूठभर पिवळे दाणे मातीत खुपसले. त्या वर्षी कधी नव्हे ते कडक ऊन पडलं आणि मका माझ्या डोक्यावर गेला.

शेजारच्या वाफ्यातल्या म्हातारीनेही मका लावला होता. ती मूळची पोर्तुगालची, हॉटेलांत खोल्या आवरून निवृत्त झालेली. तिचा मका पांढरा, तिच्या डोंगरातल्या गावच्या भाकरीचा. गावात तो लावणारा शेवटचा माणूस तिचा भाऊ, आणि तो हिवाळ्यात गेला. त्याने पाठवलेलं पिशवीभर बियाणं जुनं होत चाललं होतं, म्हणून तिने सगळंच्या सगळं इथे पेरलं. "हे गेलं की संपलं," ती मला म्हणाली होती.

जुलैत बाबा अमरावतीहून आले. वाफ्यावर मी दोन्ही मक्यांबद्दल सांगताच म्हणाले, "काऊन वं, तिचा मका पांढरा, तुहा पिवळा. अन् वारा तं तुह्याकूनच वाहून रायला."

"मग?"

"मंग काय. तुह्या तुऱ्याची भुकटी तिच्या कनसात गेली का तिचं बियानं बाटलं. सांगून टाक तिले."

सांगते म्हटलं आणि त्याच दुपारी स्वयंपाकघरातल्या कात्रीने माझे सगळे तुरे कापून टाकले. पण भुकटी त्याआधी चार दिवस उडत होती. तुरे का कापले असं तिने विचारलं, तर मी म्हणाले, "आमच्याकडे असंच करतात." तिने मान डोलावली. ज्याची त्याची रीत, म्हणाली.

पुढचे दोन महिने मी ऑफिसातून थेट वाफ्यावर जायची. तिची कणसं बाहेरून चाचपून बघायची, सोलायची हिंमत व्हायची नाही. ती नुसती हसली तरी मला वाटायचं, हिला कळलंय. चोराच्या मनात चांदणं. बाबा परत गेले, तरी फोनवर पहिलं "सांगतलं का तिले?" हेच विचारायचे. मी विषय बदलायची.

सप्टेंबरअखेर तिने मला कणसं सोलायला बोलावलं. उलट्या टाकलेल्या क्रेटांवर आम्ही बसलो. पहिली दोन पांढरी निघाली आणि माझ्या जिवात जीव आला. तिसऱ्या कणसात पांढऱ्यांच्या मधे सात-आठ पिवळे दाणे होते. चौथ्यात त्याहून जास्त.

तिने कणीस डोळ्यांजवळ नेलं. "हे माझ्या भावाचंच काम," ती म्हणाली. "शेजाऱ्याला बांधाशी पिवळा मका लावू दिला असणार. जन्मभर भिडस्त. एवढं एक बियाणं सांभाळायचं होतं, तेही जमलं नाही त्याला." बोलता बोलता तिचा आवाज चढला, डोळे भरले. भावाला ती अद्वातद्वा बोलत राहिली.

गप्प बसणं किती सोपं होतं. मेलेला माणूस काही भांडायला येणार नव्हता. मला माझीच शिसारी आली.

"त्याने नाही केलं," मी म्हणाले. "माझा मका पिवळा होता. मी तुरे कापले, पण उशिरा. आमच्याकडे तसली काही रीत नाही."

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उरलेली कणसं माझ्या मांडीवर ओतली. "पिवळा एकही राहता कामा नये," एवढंच म्हणाली. मग हातातल्या कणसाकडे बघत आपल्या भाषेत हळूहळू काहीतरी बोलू लागली. मला त्यातलं फक्त तिच्या भावाचं नाव कळत होतं, आणि सूर. मी नखाने पिवळे दाणे काढत होते, आणि ती त्याची माफी मागत होती.