टाके

“पाह्य बाई, तुही करामत.” टेबलावर आडवी होऊन लुगडं वर सरकवताना ती रोज एवढंच म्हणायची. जखमेकडे ती स्वतः बघत नसे. माझ्या तोंडाकडे बघायची.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मोताळ्याजवळच्या एका दवाखान्यात मी नर्स होते. ती पन्नाशीची, भाजीपाला लावणारी. उजव्या मांडीला आतल्या बाजूने चरबीची नारळाएवढी गाठ, तिच्या वजनाने कातडी लोंबलेली. उन्हाळ्यात मांड्या घासून सोलून निघत. ऑपरेशन करून घ्या म्हणून महिनाभर तिच्या मागे लागले ती मीच.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गाठ निघाली, लोंबती कातडीही कापली. जांघेपासून खाली वीतभर शिवण घेऊन ती परतली. सोबत चिठ्ठी होती: टाके एकदम काढू नयेत, आधी अर्धे, उरलेले चार दिवसांनी. त्या दिवशी देवी टोचायला गर्दी लोटली होती. मी सगळे टाके एकदम काढले.

तिसऱ्या दिवशी उकिडवी बसून उठताना शिवण उसवली. आत पू झाला. डॉक्टरांनी विचारलं, शेतात गेली होतीस ना? ती नाही म्हणाली. त्यांनी मोठ्याने म्हणत तिच्या कागदावर लिहिलं, ‘रुग्णाने काळजी घेतली नाही.’ मी ट्रे धरून शेजारी उभी होते. बोलले नाही.

पुढे दोन महिने ड्रेसिंग चाललं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, कण्हत नाहीत आणि आपल्यालाही सुखाने काम करू देत नाहीत. बाहेर रांगेतल्या बायकांना ती सांगायची, हिला बोटसुद्धा दाखवू नका. एकदा मीच चिडून म्हणाले, उकिडवं बसायची काय गरज होती?

“काऊन? उभ्यानं जाऊ का झाड्याले?”

रांग हसली. मला मात्र तिचा मनापासून राग आला. तिचा होता की माझा, तेव्हा कळत नव्हतं.

जखम भरली, पण वाईट भरली. वण आखडून दोरीसारखा ताठ झाला, पाय पुरता पुढे पडेना. डॉक्टर म्हणाले, वण सोडवायला पुन्हा ऑपरेशन हवं. तिने साफ नकार दिला आणि दवाखान्यात यायचीच थांबली.

आठवड्याने मी तिच्या शेतावर गेले. ती वांगी तोडत होती, वाकता येत नव्हतं म्हणून एका कुशीवर टेकून. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं, चूक माझी होती. चिठ्ठीत लिहिलेलं मी पाळलं नाही.

तिचा हात थांबला नाही.

“मले माहीत हाये. येतानाच मास्तराकून वाचून घेतली होती ते चिठ्ठी.”

“मग डॉक्टरांना सांगितलं का नाही?”

“तू सांगतं का नाही, ते पाहून राह्यली होती.”

तिने देठाचा काटा बोटातून काढला आणि म्हणाली, “त्या कागदावरची ओळ खोडाले लाव पहिले. मंग जाईन मी.”

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांसमोर सगळं कबूल केलं. त्यांनी तिचा कागद काढला. मग ओळ खोडली, सही केली आणि खाली माझं नाव लिहिलं. तो कागदही तिने मास्तरांकडून वाचून घेतला, असं नंतर कळलं.

दुसरं ऑपरेशन नीट झालं. टाके तिने तिकडेच काढून घेतले. त्यासाठी पंधरा दिवस तिकडे कुणा लांबच्या नातेवाइकाकडे राहिली, पण माझ्या हाताखाली आली नाही. बाजारात तिच्या पाटीपुढे उभी राहिले, तर ती माझ्यामागच्या गिऱ्हाइकाला भाव सांगायची.

वर्षभराने माझी बदली झाली. ट्रंक घेऊन मी फाट्यावर बसची वाट पाहत होते, तेव्हा ती डोक्यावर पाटी घेऊन समोरून आली. मी हात जोडले. ती न थांबता गेली. बस येऊन उभी राहिली तरी मी तिच्या पावलांकडेच बघत होते. दोन्ही सारखी पडत होती.